पंचफुलाबाईंचं माप

त्या वर्षांमध्ये आमच्या तालुक्यात काहीही बिघडलं की दोष कापसाच्या भावाला जायचा. नवराबायकोचं भांडण झालं, कापसाचा भाव. पोरगं नापास झालं, कापसाचा भाव. आमच्या तलाठ्याला शुगर निघाली तेव्हासुद्धा चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, भावाचं टेन्शन घेतलं असेल. तलाठ्याकडे शेत नव्हतं.

या मताला अख्ख्या पांढरकवड्यात एकाच बाईचा विरोध होता, पंचफुलाबाईंचा. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या भानगडी बायकांना आतून घालायला धड बसणारा कपडा मिळत नाही म्हणून होतात. एखादी सून सासूवर खेकसली की त्या म्हणायच्या, "भावानं नाही चिडली थे. बॉडीस रुतून राह्यली तिची. सकाळपासून रुतलं तर कोणीबी चिडते."

पंचफुलाबाई बॉडीस शिवायच्या. फक्त तेवढंच. बस स्टँडमागच्या गल्लीत टिनाच्या छपराची एक खोली, पायाची मशीन, एक जाड पडदा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाहेर एक बाकडं. दुकानाला पाटी नव्हती. एकदा पेंटरला बोलावलं होतं. काय लिहायचं ते ऐकून तो लाजला आणि त्यानं आपल्या मनानं 'लेडीज टेलर' लिहिलं. बाईंनी ते लगेच पुसायला लावलं. "मी लेडीज नाही शिवत," त्या म्हणाल्या, "बॉडीस शिवतो." पेंटर गेला तो परत आला नाही.

बाई कोणाच्याही तोंडाकडे बघून बोलत नसत, खांद्यांकडे बघून बोलत. आठवडी बाजारात कांदे निवडता निवडता त्यांनी आमच्या मुख्याध्यापक बाईंना चार लोकांत सांगितलं होतं, "बाई, डावा पट्टा चढवा, मान आखडीन." मुख्याध्यापक बाई महिनाभर बाजारात फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी मान धरून त्यांच्या दुकानात गेल्या.

मी मात्र पंचफुलाबाईंना टाळत आले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज केळापूरच्या पुढे बसनं जायचं आणि यायचं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. एके काळी होळीपर्यंत चालणारा हंगाम आता संक्रांतीलाच आटपायचा आणि मग ते घरी बसून पेपरातले भाव मोठ्यानं वाचायचे. मी भाकरी थापत ऐकायची. एकंदरीत कोणी भर बाजारात माझे खांदे तपासावेत एवढी ताकद माझ्यात उरलेली नव्हती.

पण पल्लवी नववीत गेली आणि मला त्या गल्लीत जावं लागलं.

पल्लवी माझी एकुलती एक. खो-खोत ती धावायला लागली की मैदानाच्या कडेला उभे असलेले आमचे हेसुद्धा कापसाचे भाव विसरायचे. त्या वर्षी पोळा झाला आणि पोरगी वाकून चालायला लागली. खांदे पुढे, मान खाली, दप्तर छातीशी. ओढणीला चार सेफ्टी पिना. मग एक दिवस खेळाच्या सरांची चिठ्ठी आली, पल्लवीनं संघातून नाव काढून घेतलं आहे, पालकांनी भेटावं.

कारण मला माहीत होतं आणि त्यात माझाच हात होता. उन्हाळ्यात मी तिच्यासाठी मेन रोडवरच्या कापड दुकानातून खरेदी केली होती. तिला बरोबर नेलं नव्हतं, तिनं येणारच नाही म्हणून सांगितलं होतं. दुकानदारानं कॅलेंडरकडे बघत विचारलं, साईज? मी काउंटरकडे बघत सांगितलं, मुलीसाठी, नववीतल्या. त्यानं पंख्याकडे बघत तीन नग काढले. आम्ही दोघांनी मिळून एकदाही एकमेकांकडे न बघता तो व्यवहार पुरा केला. वाढत्या अंगाचं द्या, एवढं मात्र मी आठवणीनं सांगितलं. शाळेचा ड्रेस मी तसाच घेते.

घरी येऊन कागदाची पुडी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेले. माझ्या आईनंही मला अशीच पुडी दिली होती आणि अशीच आत निघून गेली होती. मला वाटलं, झालं काम.

चिठ्ठी आल्यावर मी घर धुंडाळलं. ते तिन्ही नग धान्याच्या कोठीमागे सापडले. भाद्रपदातल्या त्या उकाड्यात पोरगी एकावर एक दोन शमीज घालून शाळेत जात होती. मी दिवसभराची थकलेली होते. ओरडले. ती म्हणाली, "धावलं की वर सरकतं ते. मग हात लावून खाली ओढायला लागतं. सगळ्यांसमोर. मले नाही खेळायचं." आणि दार लावून घेतलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वाचा तुम्ही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला थोडं रडू आलं. शेजारी बसलेल्या सुनीता मॅडम, आमच्याच शाळेतल्या, त्यांनी कारण विचारलं आणि सांगितलं, पंचफुलाबाईकडे ने. माझ्या दोघी पोरींना तिनंच सरळ चालायला शिकवलं.

शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी मी पल्लवीला घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे ती माझ्यामागे वीस पावलं अंतर ठेवून, मला ओळखत नसल्यासारखी आली. दाराशी पोचताच पंचफुलाबाईंनी आधी तिच्या खांद्यांकडे बघितलं, मग माझ्या, आणि मला बाकड्याकडे बोट दाखवलं. "माय भाईर."

मी सांगू लागले की मुलगी लाजाळू आहे. त्या म्हणाल्या, "तिले तोंड हाय."

बाकड्यावरून आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि पडदा अर्धाच ओढलेला असल्यानं निम्मं दिसतही होतं. बाईंनी टेप काढलीच नाही. त्यांनी पल्लवीच्या हातात झाडू दिला. पल्लवीनं गोंधळून दुकान झाडलं. मग गल्लीच्या टोकाच्या हापशीवरून बादलीभर पाणी आणायला लावलं. मग छताखालच्या खुंटीला टांगलेली पिशवी काढायला लावली. ती पिशवी रिकामी होती. मी बाहेर बसून विचार करत होते, की ही बाई माझ्या पोरीकडून फुकट कामं करून घेते आहे. नंतर कळलं, माणूस कसं वाकतं, कुठून ताणतं, कुठे हात आखडता घेतं, ते त्या बघत होत्या.

मग टेप निघाली. पल्लवी दोन पावलं मागे सरकली. हात लावायचा नाही, ती म्हणाली. एवढ्या ठामपणे तिनं मला कधी काही सांगितलं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी टेप तिच्याकडे फेकली. "तूच मोज. कपड्यावरूनच मोज. मी भिताडाकडे पाहून राह्यलो." आणि खरंच पाठ वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. टेप कुठून कुठे धरायची ते भिंतीला सांगत होत्या. पल्लवी पडद्यामागून आकडे वाचत होती. बाईंनी एकही आकडा लिहिला नाही. त्यांच्याकडे वहीच नव्हती. माणसांची नावं त्या विसरायच्या, मापं नाही.

मग वळून पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या. मी बरोबर आणलेले ते तीन नग त्यांनी दोन बोटांनी उचलून धरले. "मॅडम, हे कोणाच्या मापाचे आणले?"

मी म्हटलं, वाढत्या अंगाचे घेतले.

"आज कोण घालीन मंग? पोट्टी तं आज धावून राह्यली." त्यांनी नग खाली ठेवले. "आन् दुखते म्हणून सांगाले तिले कोणापाशी जागा ठेवली तुमी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण राग यायलाही थोडी झोप झालेली लागते.

पुढचे तीन शनिवार आम्ही त्या गल्लीत जात होतो. बाजारातलं नवं कापड त्यांना चालायचं नाही. आपल्याच शिवारातला कापूस दूर कुठल्याशा गिरणीत जातो आणि कांजी खाऊन कडक होऊन परत येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर घेऊन या, अशी अट. ह्यांच्या वडिलांचं एक धोतर होतं. सासऱ्यांच्या धोतराचा पुढे काय उपयोग झाला हे मी घरात अजूनही सांगितलेलं नाही.

पहिला नमुना तयार झाला. पल्लवीनं पडद्यामागे घालून बघितला आणि म्हणाली, ठीक आहे. बाईंनी तो परत मागितला आणि कात्रीनं टराटरा उसवला. "ठीक हाय मंजे रुतते," त्या म्हणाल्या. "बसलं तं माणूस काही म्हणतच नाही. इसरून जाते."

दुसरा नमुनाही उसवला. त्यांच्या परीक्षेचे पाच पेपर होते. हात वर करायचे, वाकायचं, मांडी घालून बसायचं, गल्लीतल्या कडुनिंबापर्यंत धावून यायचं, आणि शेवटी हसायचं. खोटं नाही, पोटातून. हसताना कुठे काचतं ते उभ्यानं कळत नाही, असं त्या म्हणायच्या. पहिले चार पेपर पल्लवीनं नाइलाजानं दिले. हसणं काही जमेना. बाई वाट बघत बसल्या. मी बाकड्यावर वाट बघत बसले. माझी शेवटची आठवण कधीची, पोटातून हसण्याची, ते आठवत बसले. तेवढ्यात आमचे हे सायकलवरून आम्हाला शोधत गल्लीत आले, आपण कुठल्या दुकानासमोर आलो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते न थांबता, न बघता, तसेच सरळ नाल्याकडे निघून गेले. तो रस्ता पुढे बंद आहे. मग परतही आमच्यासमोरूनच जावं लागलं, पुन्हा न बघता.

पल्लवी हसली. पडद्याला धरून, वाकून हसली. मीही हसले. पंचफुलाबाई हसल्या नाहीत, त्या काम करत होत्या. "डाव्या बाजूले अर्धं बोट ढिलं करावं लागते," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या शनिवारी पल्लवी कडुनिंबापर्यंत धावली, तिथून पुढे धावली, मेन रोड गाठून परत आली आणि काहीच म्हणाली नाही. बाईंनी तोच नमुना धरून आणखी तीन शिवले. सोमवारी पल्लवीनं सरांना जाऊन सांगितलं, नाव परत लिहा. जिल्ह्याच्या सामन्यात तिची शाळा उपांत्य फेरीत हरली, वणीच्या पोरी भारी निघाल्या. पण ती ताठ उभी राहून हरली. ओढणीच्या पिना मला पुढे कधीतरी ड्रॉवरमध्ये सापडल्या.

मला वाटलं, विषय संपला. पण पल्लवी शनिवारी तिकडे जातच राहिली. बाईंची नजर मंदावली होती, ती सुईत दोरा ओवून द्यायची. कधी बटणं लावायची. त्यांना आजी म्हणायला लागली होती, घरी येऊन त्यांचे किस्से सांगायची. नवरा फार वर्षांपूर्वी कोळसा खाणीत कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला, हे मला तिच्याकडूनच कळलं. बाईंनी ते हवापाण्यासारखं सांगितलं होतं म्हणे. कापूस कसा गेला, पाऊस कसा गेला, नवरा कसा गेला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दिवस कलला तरी पल्लवी आली नाही म्हणून मी बघायला गेले. पडदा पूर्ण ओढलेला होता. आतून पल्लवीचा आवाज येत होता, हळू, पण शिक्षिकेसारखा. "सरळ उभी राह्य आजी. श्वास नको धरून ठेवू." मग एक आकडा. मग थोडं थांबून दुसरा आकडा. ती आकडे वहीत लिहीत असावी, पेन्सिलचा आवाज येत होता.

मी हाक मारली नाही. बाकड्यावर बसले. थंडी होती, दिवसभराची पाठ दुखत होती, आणि घरी कणीक मळायची होती. तरी बसले.

जरा वेळानं पल्लवी बाहेर आली, मागून पंचफुलाबाई. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. मला बघून त्या गडबडल्या. एवढ्या दिवसांत त्यांना गडबडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. अंधार पडते, पोट्टीले घेऊन जा, म्हणाल्या आणि उगाच दुकान झाडायला लागल्या.

आम्ही दोघी मेन रोडनं निघालो. कापसाच्या रिकाम्या गाड्या परत चालल्या होत्या. पल्लवी माझ्या शेजारून चालत होती. मग म्हणाली, "आई, तिच्या खांद्यांवर खाचा आहेत. दोन्हीकडे. बोट बसेल एवढ्या."

मी म्हटलं, ती स्वतः एवढं छान शिवते, मग?

"आपलं माप आपल्याला घेता येत नाही. मागे टेप सरकते. सासूची जुनी बॉडीस होती, तिच्यावरूनच ती आपली कापत आली इतकी वर्षं. पदर सरकला तेव्हा मला दिसलं. मी विचारलं, दुखते का."

"मग?"

"म्हणाली, माहीत नाही व माय, कोणी इचारलंच नाही."

चौकात भाजीवाली आवरत होती. मी मेथीची शेवटची जुडी घेतली. पल्लवीनं ती माझ्या हातातून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. पुढच्या शनिवारी उशीर होईल, ती म्हणाली, कापायचं आहे. आजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, पहिल्या खेपेला बसेल असं वाटत नाही.

"घरी एखादं मऊ धोतर उरलंय का गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बघते.