खंडेनवमीचा बॅकअप

मार्चअखेरीस आमच्या बियाणे संघाचा ईमेल सर्व्हर गेला, आणि मी तो गेल्या खंडेनवमीच्या बॅकअपवरून पुन्हा उभा केला, तेव्हा त्यात ज्यांची खाती होती ती सगळी माणसं गेल्या खंडेनवमीला परत गेली.

तांत्रिकदृष्ट्या कामात काही चूक नव्हती. पडद्यावर ‘रिस्टोअर यशस्वी’ असं आलं आणि त्याच क्षणी समोरच्या टेबलांवरची मंडळी नव्या कपड्यांत, हातात झेंडूची फुलं घेऊन बसलेली दिसली. स्टोअरच्या भोसल्यांनी डिसेंबरात काढून टाकलेली दाढ परत आली आणि तिच्यासकट ती दुखायलाही लागली. जानेवारीत निवृत्त झालेले व्यवस्थापक पिंपळखरे साहेब दारातून आत आले, डबा ठेवला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या पत्नीचं आमच्याकडे ईमेल खातं नसल्यामुळे त्या चालू वर्षातच होत्या. त्यांनी फोन करून माझे मनापासून आभार मानले. साहेबांच्या जागी आलेल्या निंबाळकर मॅडमचं खातं खंडेनवमीला उघडलेलंच नव्हतं, म्हणून त्यांना कोणी ओळखेना. त्या रोज वेळेवर येत आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत.

बॅकअप खंडेनवमीचाच का, हा प्रश्न पुढे मला बऱ्याच जणांनी विचारला. त्याचं उत्तर सरळ आहे. संघात त्या दिवशी चाळणीयंत्र, वजनकाटे, ट्रॅक्टर आणि संगणक यांची पूजा होते. संगणक उचलून पाटावर ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने बॅकअपची डिस्क ठेवतात. देवापुढे रिकामी डिस्क ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्या दिवशी सकाळी मी बॅकअप घ्यायचो. एरवी घ्यायचं काही कारण पडत नसे. संघाचा संगणक विभाग म्हणजे मी, हेरंब सातपुते, एकटाच. त्यामुळे विभागात मतभेदही नव्हते.

मी स्वतः मात्र मागे गेलो नाही. त्या सकाळी डिस्कमध्ये जागा कमी पडली आणि सगळ्यात फुगलेलं खातं माझंच होतं, म्हणून मी ते वगळलं होतं. तेव्हा मला तो मोठा त्याग वाटला होता. शिपाई हणमंतलाही खातं नव्हतं, तोही जागच्या जागी राहिला. त्याने सगळ्यांच्या हातातली फुलं पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “सातपुतेसाहेब, आज सुट्टी धरायची का?”

तेवढ्यात माझं लक्ष प्रयोगशाळेच्या दाराकडे गेलं. तिथे चारुशीला घारगे उभी होती. ती संघात उगवण चाचणी करते, म्हणजे ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवते आणि किती उगवल्या ते मोजते. आमचं लग्न वैशाखात होतं. फेब्रुवारीत तिने मला ईमेलने होकार दिला होता. वर विषय होता ‘आपला प्रस्ताव’ आणि खाली एकच शब्द, ‘मान्य’. तो ईमेल मी रोज उघडून बघायचो.

गेल्या खंडेनवमीला मात्र ती माझ्याशी बोलत नव्हती. त्याच्या आदल्या आठवड्यात मी सर्व्हरची साफसफाई करताना तिचे खरिपाचे सगळे अहवाल उडवले होते.

“सातपुते,” ती दारातूनच म्हणाली, “माझ्या तक्रारीवर काय झालं?”

मी म्हटलं, “चारू, आपलं लग्न ठरलंय.”

तिने दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की सर्व्हर चालू झाल्याचं परिपत्रक काढायचंही मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी ती थेट माझ्या टेबलाशी आली. तिची आई, बहीण, मावशा यांच्यापैकी कोणाचंच संघात खातं नव्हतं, म्हणजे घर होतं चैत्रात आणि ही आश्विनात. “माझ्या घरी पत्रिकांचा गठ्ठा पडलाय,” ती म्हणाली. “आई ब्लाउजची मापं घेतेय. आत्याकडे रविवारी केळवण आहे. माझं. तुमच्याबरोबर.”

“हो.”

“आणि बहिणीच्या मांडीवर मूल आहे. काल ती गरोदर होती!”

“मुलगी आहे. बारशाला मी आलो होतो.”

“तुम्ही? कशाला?”

प्रकरण पिंपळखरे साहेबांपुढे गेलं. साहेबांनी दोघांना बसायला सांगितलं आणि चष्मा पुसला. “सातपुते, या विवाहाची संघाच्या दप्तरी नोंद आहे?”

“होती साहेब. सर्व्हरवर.”

“म्हणजे नाही. घारगे मॅडम, आपली हरकत आहे?”

“हरकत नाही साहेब, आणि होकारही नाही. मी हो का म्हटलं तेच मला माहीत नाही.”

“सातपुते, त्या हो का म्हणाल्या?”

मी विचार केला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही फेब्रुवारीपासून पडलेला होता. “नक्की सांगता येणार नाही, साहेब.”

साहेबांनी निर्णय दिला. बिघडलेली डिस्क पुण्याला दुरुस्तीला गेली आहे. तिच्यातला मजकूर निघाला तर मधले महिने परत येतील आणि सगळी माणसं आपापल्या जागी जातील. तोवर परिस्थिती जैसे थे ठेवावी. केळवणं ही कार्यालयाबाहेरची बाब असल्याने संघ त्यात पडणार नाही. “म्हणजे जेवायला जायचं?” चारुशीलाने विचारलं. साहेब म्हणाले, “बोलावलं आहे तर जावं. अन्नाचा अपमान नको.”

आता मला एक सोय होती. तिचं मन कशाकशाने वळलं होतं त्या सगळ्या प्रसंगांना मी स्वतः हजर होतो. तेच पुन्हा करायचं, असं मी ठरवलं. हिवाळ्यात एकदा मी तिच्या प्रयोगशाळेतले चाचणीचे मोड आलेले हरभरे उसळीचे समजून खाल्ले होते आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती. मी आत गेलो आणि तिच्यादेखत मूठभर हरभरे खाल्ले. तिने मला मेमो दिला. तिला आवडलेलं एक गाणं मी गुणगुणलो, तर तिने विचारलं की गॅस होतोय का. हा माणूस आधी कधीच एवढ्या आत्मविश्वासाने माझ्याशी बोलला नव्हता आणि मला ते आवडत नाही, असं तिने हणमंतला सांगितलं. हणमंतने ते मला चहाबरोबर सांगितलं.

तेव्हा मी ते सोडून दिलं. करण्यासारखं दुसरं काही सुचेना, म्हणून केळवणाला ती जे विचारेल त्याचं जे असेल ते उत्तर द्यायचं, एवढंच उरलं. आत्याकडे पुरणपोळी होती. आत्या तूप आणायला आत गेल्या की ती खालच्या आवाजात विचारायची.

“माझे अहवाल कसे उडाले?”

“नको असलेल्या फाइली पुसत होतो. तुमच्या फाइलींची नावं मला कळली नाहीत, म्हणून त्याही पुसल्या.”

“विचारायचं नाही?”

“विचारलं तर मला येत नाही असं दिसलं असतं.”

“तिला, म्हणजे हो म्हणणारीला, हे सांगितलं होतं?”

“नाही. ती मला शांत, विचारी माणूस समजायची. मला उत्तर सुचायचं नाही म्हणून मी गप्प असायचो.”

तेवढ्यात आत्या तूप घेऊन आल्या. “काय गं, कसली कुजबूज चाललीय?” चारुशीला म्हणाली, “काही नाही. ओळख करून घेतेय.” आत्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय.

मग मामांकडे झालं, मग चुलत मावशीकडे. दर केळवणाला माझी आणखी काही लाज जायची आणि दर वेळी मी ठरवायचो की आता बस्स. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, “तुम्ही माझी उगवण चाचणी घेताय का?” ती म्हणाली, “सात दिवस झाल्याशिवाय मी कुठल्याच पिशवीला लेबल लावत नाही.” त्या रात्री मला जुन्या चारुशीलाची फार आठवण आली. ती मला इतके प्रश्न विचारायची नाही. पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होतो ती हिचीच.

आणि मग पुण्याहून फोन आला. डिस्कमधलं सगळंच्या सगळं निघालं होतं.

डिस्क आली त्या दिवशी माझ्या टेबलापुढे रांग लागली. सॉफ्टवेअर प्रत्येक खात्यापाशी थांबून विचारायचं, ‘आत्ताच्या जागी नंतरचं ठेवायचं का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. भोसले सगळ्यात पुढे होते, दाढेमुळे. पिंपळखरे साहेब म्हणाले, “माझं चारनंतर घ्या. थोड्या सह्या राहिल्यात.” चार वाजता त्यांनी टेबल आवरलं, पेनाला टोपण लावलं, खुर्ची आत सरकवली आणि “घ्या” म्हणाले. निंबाळकर मॅडमनी वर्तमानपत्राची घडी केली आणि त्या केबिनमध्ये गेल्या.

शेवटी चारुशीलाचं खातं उरलं. एक कळ दाबली की ‘मान्य’ लिहिणारी परत येणार होती, जिच्यासाठी मी गेले काही दिवस झुरत होतो. ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

“हो दाबलं की ती येणार,” ती म्हणाली. “आणि मी?”

“तुमच्या जागी ती.”

“मग केळवणं? मी विचारलेलं सगळं?”

“ते राहणार नाही. तिला त्यातलं काही माहीत नसेल.”

“म्हणजे तुम्ही परत शांत आणि विचारी.”

या वेळी उत्तर सुचत होतं. मी म्हटलं, “मला तीही हवी आहे आणि तुम्हीही हव्या आहात. पण ठरवायचा अधिकार माझा नाही. खातं तुमचं आहे.”

तिने पडद्यावरचा प्रश्न पुन्हा एकदा नीट वाचला. “माझं काय काय जाईल?”

“पगारवाढ झाली होती, तिचं पत्र. मैत्रिणींबरोबरची कोकणची सहल. बहिणीचं बाळंतपण. आणि माझ्यावर जडलेला जीव.”

“पगारवाढीचं पत्र निंबाळकर मॅडमकडे मिळेल?”

“त्यांच्या खात्यात प्रत आहे.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून तिने ‘नाही’ दाबलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. चारुशीला अजूनही आमच्यापेक्षा काही महिने मागे आहे, पण त्याने संसारात अडत नाही. फक्त तिच्या वाढदिवसाला मेणबत्त्या किती लावायच्या यावर थोडी चर्चा होते. पुण्याहून आलेली डिस्क कपाटात आहे आणि तिच्यातलं ते खातं मी पुसलेलं नाही. पुसू का, असं मी विचारलं होतं. असू दे, कोणाचं काय खातेय, असं ती म्हणाली.

परवा जेवताना तिने अचानक विचारलं, “अहो, खरं सांगा. तिला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त आवडायचात का?”

“हो,” मी म्हटलं. “तिला माझी माहिती कमी होती.”

ती “बरं” म्हणाली आणि तिने मला आणखी एक पोळी वाढली.