विलासराव देवतळे यांनी गोल्फगाडीवर स्वार होऊन कालाबोगीचे ठाणे राखिले, त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. ओटावा सुभा, कानाटा परगणा येथील समस्त मराठी मंडळी, पोटलकच्या सामायिक पंगतीस रिकाम्या हाती येणारे आणि भरल्या डब्यांनी जाणारे थोर थोर सरदार, यांच्या चित्ती बहुत दिवस संशय होता की विलासराव देवतळे यांनी म्हाताऱ्यांची गोल्फगाडी काय म्हणोन घेतली आणि तिजला राक्षसी चाके काय म्हणोन लाविली. या कामी नाना प्रवाद उठले. कोणी म्हणे रावांस वेड लागले, कोणी म्हणे रिटायरमेंटचे वेध लागले, आणि कोणी म्हणे दोन्ही एकच. सबब जे घडले ते जसेच्या तसे, पदरचे मीठ बेताने घालोन, लिहिले आहे. वाचणाराने खुशाल हसावे, परंतु रावांच्या समोर हसू नये.

विलासराव मूळचे नागपूरचे, हुद्द्याने सॉफ्टवेअरचे सरदार, देह स्थूल आणि हिंमत देहाहून स्थूल. दर साल नोव्हेंबर लागतांच लॅपटॉप मिटोन, बंदूक पुसोन, सरकारी परवाना खिशात घालोन हरणाच्या शिकारीस कालाबोगीच्या रानात जात. तेथे ग्लेन नामे वृद्ध गोऱ्या सरदाराची छावणी, आणि छावणीत प्रत्येकाचे ठाणे मुकरर. रावांचे ठाणे बीव्हरच्या बंधाऱ्यापलीकडे टेकडीवर. तेथे फळ्यांचा एक आडोसा, एक मोडकी खुर्ची आणि समोर ओकांचे रान. इतक्या वर्षांत रावांनी तेथोन साधिले काय म्हणाल, तर दोन हरणे आणि असंख्य डुलक्या. तरी ते ठाणे त्यांस जिवाहून प्यारे. कारण ऑफिसात त्यांजवर मॅनेजर, घरी शुभदाबाई, आणि फोनवर टोरोंटोची कन्या ईशानी; त्या मोडक्या खुर्चीवर मात्र त्यांजवर कोणी नव्हते.

मग वसंतात रावांचा उजवा गुडघा फितूर जाहला. हकिमांनी तो काढोन नवा बसविला आणि ताकीद दिली की सपाटीवर चालावे, दगडधोंड्यांत चालाल तर आम्हांस जबाबदार धरू नये. हे वर्तमान छावणीत पोहोचतांच ग्लेनने फर्मान काढिले की ज्यास आपले ठाणे दुसऱ्याच्या मदतीवाचोन गाठवत नाही आणि तेथोन परतवत नाही, त्याचे ठाणे खालसा. त्याने छावणीत राहोन चूल सांभाळावी. यात ग्लेनचा कावा ऐसा की रावांच्या हातचा सावजी रस्सा त्यास फार आवडे. तो नाक पुसत, डोळे पुसत, तीन वाडगे खाई. म्हणजे रावांचा रस्साच रावांवर उलटला. रावांस जन्मात इतका राग आला नव्हता आणि इतके रडूही आले नव्हते. परंतु रडणे त्यांनी बाथरूममध्ये उरकिले.

मग जयदीप यांशी मसलत जाहली. हे जयदीप रावांचे शेजारी, विजेच्या कामात वाकबगार, आणि स्वतःच्या घरची डोअरबेल सोडोन जगातील सर्व यंत्रे दुरुस्त करणारे. त्यांनी सल्ला दिला की पेट्रोलची गाडी गर्जना करिते आणि हरिण परागंदा होते. विजेची गोल्फगाडी मुकाट चालते, सबब तीच घ्यावी. ग्लेनकडे वकिली केली. त्याने दाढी खाजवोन कौल दिला की माझा आजा घोड्यावर जात असे, तेव्हा वाहनास हरकत नाही. परंतु कोणास ढकलावे लागले की ठाणे गेले.

मग एटोबिको येथील एका पेन्शनर गृहस्थाची गाडी इंटरनेटावर हेरिली आणि भाड्याच्या ट्रेलरसह कूच केले. गृहस्थाने शपथेवर सांगितले की ही फक्त रविवारी चाले. ते अक्षरशः खरे निघाले, कारण वार शनिवार होता, आणि कानाटात उतरवितांच ती ड्राइव्हवेतून निघोन टपालपेटीपर्यंत गेली आणि तेथेच बसली. जुन्या बॅटऱ्या गतप्राण होत्या. शुभदाबाईंनी खिडकीतोन हा सोहळा पाहिला आणि बाहेर येवोन शांतपणे बोलिल्या, "अहो, गुडघा बदललाय तुमचा, डोकं नाही ना? गराजमध्ये माझे विंटर टायर्स आहेत. ते काय आता बेडरूममध्ये ठेवू?"

रावांनी तह केला. टायर्स जिन्याखाली गेले, राव गराजात गेले, आणि सारा उन्हाळा तेथेच मुक्काम पडला. जयदीपांनी जुन्या बॅटऱ्या काढोन लिथियमची नवी ठासिली, मोटारीचा कंट्रोलर बदलोन जोर वाढविला. रावांनी पोलादी सांगाडा घालोन गाडी वीतभर उचलली, खाचखळग्यांची दांडगी चाके चढविली, छपरास हिरवा-तपकिरी रंग फासला आणि मागे बंदुकीची पेटी बांधिली. ईशानीस फोटो धाडिला तर तिचे उत्तर आले, "बाबा, इट्स अ गोल्फ कार्ट. रिलॅक्स." रावांनी तो फोन उलटा ठेविला आणि पुढचा बोल्ट आवळला.

आता येथे मोहिमेचा घात व्हावा ऐसी गोष्ट घडली. शिकारीचा पहिला कायदा असा की माणसाचा वास हरणास लागो देऊ नये. रावांनी आठवडाभर बिनवासाचा साबण लाविला, कपडे देवदारच्या पानांत पुरोन ठेविले, फोडणी चालू असतां घराबाहेर उभे राहिले. आणि निघावयाच्या दिवशी सकाळी शुभदाबाई म्हणाल्या की नवे वाहन पूजेवाचोन दाराबाहेर जाणार नाही. मग चार चाकांखाली चार लिंबे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, उदबत्ती, कापूर, आरती आणि ग्रोसरीतल्या शेवंतीच्या कुंड्या रित्या करोन केलेला भला जाड हार. आज्ञा ऐसी जाहली की हार काढू नये, आपोआप सुकोन पडू द्यावा. राव वाघाच्या जबड्यात हात घालते, परंतु हार काढते ना.

कालाबोगीस गाडी उतरली तेव्हा छावणीत ऐसा हशा पिकला की झाडांवरचे कावळे उडाले. ग्लेन हाराचा वास घेवोन शिंकला आणि म्हणाला की आज हरणे सारी मॉन्ट्रियलास जातील. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होतांच रावांनी नारिंगी अंगरखा घातला, जो सरकारी हुकुमाने घालावाच लागतो, बंदूक रिकामी करोन पेटीत बंद केली, कारण गाडीवर भरली बंदूक नेणे मना, आणि स्वार जाहले. गाडी आवाज न करिता निघाली. हसणारे तोंड उघडे ठेवोन पाहत राहिले.

बंधाऱ्याजवळ चिखलाने मात्र गाठले. चाके जागीच गरगरली, गाडी रुतली, आणि छावणीतील मंडळी दुर्बिणी लावोन बसली असणार हे राव जाणोन होते. हाक मारावी तर ठाणे जाते. तेव्हा कानाटातले हिवाळे कामी आले. बर्फात रुतलेली मोटार जशी काढितात, तसे राव हळूच उतरले, पायाखालचे दोन्ही रबरी मॅट ओढोन मागल्या चाकांपुढे सारले, नव्या गुडघ्यास सांभाळोन परत चढले आणि अलगद पाय दाबिला. गाडी मॅटवर चढली, मॅट मागे चिखलात गाडले गेले, आणि राव टेकडीच्या वाटेस लागले.

खुर्चीत बसोन रावांनी चहूंकडे पाहिले. ओक तेच, थंडी तीच, खुर्चीचा पाय तसाच डुगडुगता. गाडी पंचवीस हातांवर उभी केली होती. बंदूक भरोन राव बसले. आणि सूर्य वर येतो न येतो तोच झाडीतोन एक नर निघाला, मातब्बर, फांदीदार शिंगांचा, इतक्या वर्षांत न पाहिलेला. त्याने कापराचे भय धरिले नाही, उदबत्तीस भीक घातली नाही. तो डौलात चालत थेट गाडीपाशी आला आणि शेवंतीचा हार खाऊ लागला.

रावांनी नेम धरिला. छाती समोर, अंतर हाताशी, वारा अनुकूळ. परंतु छातीच्या बरोब्बर पलीकडे आसनाखाली जयदीपांची लिथियम बॅटरी. गोळी आरपार गेली तर हरिण पडेल आणि मोहीमही पडेल. गाडी जळेल, राव चालत परततील, म्हणजे परतणार नाहीत. म्हणोन राव थांबले की हा जरा बाजूस होईल. तो होईना. त्याने एकेक फूल निवडोन खाल्ले, दोरा थुंकला, स्वस्तिकावरचे कुंकू चाटले, रावांच्या आडोशाकडे पाहिले आणि एका उडीत गाडीपलीकडे जावोन रानात नाहीसा जाहला. रावांनी बंदूक खाली केली आणि पोट धरधरोन, परंतु आवाज न करिता, हसले.

संध्याकाळी आपल्याच चाकांवर परतले. ग्लेनने विचारिले, शिकार? रावांनी घडले ते सांगितले. छावणी हसता हसता बाकांवरोन खाली आली. ग्लेन मात्र हसला नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारोन, चाकांवर काठी आपटोन, रस्सा न मागतां निजावयास गेला.

दुसऱ्या पहाटे राव निघावयास येतात तो उजव्या आसनावर ग्लेन आधीच बसलेला, बूट चढवोन, काठी दोन्ही गुडघ्यांत धरोन. दोन सालांमागे त्याचा खुबा गेला होता आणि तो कोणास कळू देत नव्हता, हे रावांस त्या घडीस समजले. तो समोर पाहत आंग्ल भाषेत बोलिला, त्याचा तरजुमा ऐसा: "माझं ठाणं तुझ्या वाटेवरच आहे, नाही का?"

ग्लेनचे ठाणे बरोबर उलट दिशेस होते. राव म्हणाले, "होय, वाटेवरच आहे," आणि गाडी वळविली.

येणेप्रमाणे कालाबोगीची मोहीम फत्ते जाहली. शत्रूची हानी: काही नाही. आपली हानी: रबरी मॅट दोन, हार एक. ठाणी राखिली: दोन. लेखनसीमा.