मासे न खाणाऱ्या तात्यांचं कोकण

बबनरावांच्या वडिलांचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवला, लोक उठायला लागले, तसे रंगनाथतात्या बबनरावांजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झालं ते वाईट झालं. आता तेरावं उरकलं की घरातल्यांना घेऊन मालवणला जा. सकाळी आठच्या आत होडीत बस. डॉल्फिन दिसत्यात."

बबनराव डोळे पुसत म्हणाले, "व्हय तात्या."

कुणीही हसलं नाही. मी बदली होऊन घाटावरच्या कर्जतच्या शाळेत आलो त्याला तेव्हा महिनाच झाला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

तात्या आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. एकटेच राहायचे. चार एकर रान, दोन म्हशी, गळ्यात तुळशीची माळ. आणि कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, दक्षिण कोकण. कुणाचे गुडघे धरले, जा मालवणला. कुणाची पोरगी बारावीला नापास झाली, तिला घेऊन जा. मी एकदा म्हणालो, "तात्या, आपल्या रेहेकुरीच्या अभयारण्यातली काळविटं सोडून लोकांना एवढं लांब कशाला पाठवता?"

"काळवीट घरचं हाय मास्तर. ते कुठं जातंय?"

मासळीवर बोलायला लागले की माळेचा विसर पडायचा. "बांगडा तव्यावरचा खायचा, कडक. सुरमई मागू नका, ती सगळेच मागत्यात. वर सोलकढी. मला चालत न्हाई, पर तुमी खा." धनेश पक्षी उडताना पंखांचा आवाज रेल्वेच्या इंजिनासारखा येतो, हेही त्यांनीच मला सांगितलं. तुम्ही कधी ऐकला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बबननं ऐकला."

तेव्हा कळलं, तात्या स्वतः कोकणात कधीच गेले नव्हते. जाऊन आलेल्यांकडून ऐकायचं आणि जाणाऱ्यांना सांगायचं, असा सगळा कारभार.

एक गोष्ट मात्र सक्तीची. मालवणच्या पुढं, खाडीच्या वळणावर निळ्या दाराची एक खानावळ होती. तिथंच जेवायचं. परत आलेल्या माणसाची मग ओट्यावर उलटतपासणी व्हायची. गर्दी हुती का? वाढायला कोण हुतं? भांडी घासायला बाई ठेवलीय का तीच घासती? आणि शेवटी, खाली बघत, "वाढताना हसत हुती का?"

"हसत हुती तात्या," प्रत्येक जण सांगायचा. मग तात्या चहा पाजायचे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको निघालो. गाडीत जागा होती. मी तात्यांना चला म्हणालो. ते नाही म्हणाले. म्हशींचं कारण सांगितलं. बबनराव म्हणाले, "म्हशी मी बघतो." दुसरं काही कारण सुचेना, तसे तात्या नवं धोतर नेसून गाडीत येऊन बसले. घाट उतरेपर्यंत बडबड चालू होती. झाडी दाट झाली तसे माळेचे मणी ओढत बसले.

खानावळीशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी गाडीचं दार उघडून धरलं. तात्या हलेनात.

"तुमी जेवून या. आत मासळीचा वास आसंल."

आत तिशी ओलांडलेली एक बाई वाढत होती. शेजारच्या टेबलाशी अस्सल मालवणीत बोलत होती. आमच्यासमोर ताटं ठेवताना आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "कर्जतची गाडी ना? लई लांबून आला."

त्या 'लई'नं मी दचकलो. बायकोनं विचारलं, "तुम्ही तिकडच्या?"

"माहेर हाय. बारा वर्षं झाली. इथल्या होडीवाल्याशी लग्न केलं, घरी न सांगता. तात्या म्हणले, तू आमाला मेलीस." तिनं सोलकढीची वाटी सरळ केली. "अन् तवापासनं वर्षाला पंधरा गाड्या पाठवत्यात."

सगळ्या गावाला माहीत होतं. गावात येऊन पाच वर्षं झाली तरी माहीत नव्हतं ते एकट्या मला. ओट्यावर बसून 'हसत हुती' म्हणणारा एकेक चेहरा डोळ्यांपुढे आला.

"गाडीत कोण हाय?" तिनं विचारलं. मी खिडकीकडे बोट केलं. तिनं खिडकीतून पाहिलं आणि आत निघून गेली.

बऱ्याच वेळानं एक ताट घेऊन बाहेर आली. मटकीची उसळ, ठेचा आणि बाजरीची भाकरी. सरळ गाडीपाशी गेली. आम्ही दारात उभे.

"तात्या, येगळ्या भांड्यात केलंय. मासळीचा हात न्हाई लागला."

तात्या समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. ती ताट धरून उभी. तिनं ताट आणखी पुढं केलं तेव्हा त्यांनी ते धरलं. भाकरी मोडली, वास घेतला.

"बाजरी कुठली?"

"आपलीच. तुमी पाठवता त्या मानसांना सांगून ठिवलंय, येताना पायलीभर आना म्हनून."

तात्यांनी ताट मांडीवर घेतलं. मान खाली घालून जेवत राहिले. डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं, ते पुसलं नाही. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती, कुठंच न बघता.

भाकरी संपली. तात्यांनी बोटं चाटली, घसा खाकरला आणि म्हणाले, "कमल, आर्धी आजून आन."