अवंती शेकरू विमानतळ सांभाळते

मुलांनो, एका जंगलात विमानतळ होणार अशी बातमी आली आणि पाठोपाठ विमानतळ कसा चालवावा हे शिकवणारी संस्था निघाली. विमानतळाची जागा ठरायची होती. संस्थेचं फाटक मात्र रंगवून झालं होतं.

त्या जंगलात विमानं नव्हती, करकोचे होते. दर थंडीत ते उत्तरेकडून येत आणि तळ्याकाठी उतरत. त्यांच्या पाठीवर बसून प्राण्यांनी परगावी जावं, अशी सिंहमहाराजांची योजना होती. करकोच्यांना ती अजून कुणी सांगितली नव्हती.

तळ्याजवळच्या उंबरावर अवंती नावाची शेकरू राहायची. एक पदवी घेऊन ती घरी बसली होती. या फांदीवरून त्या फांदीवर ती अशी झेप घ्यायची की खालचे प्राणी चरणं थांबवून बघत. पण झेपेला पगार नसतो. म्हणून ती संस्थेत चौकशीला गेली.

संचालक मोरसाहेब म्हणाले, “उड्डाण व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी घे. मागच्या तुकडीतला एकही विद्यार्थी घरी बसलेला नाही.”

“कुठे लागले, सर?”

मोरसाहेबांनी पिसारा फुलवला. उत्तर बहुधा पिसाऱ्याच्या मागे राहिलं.

फाटकाशी एक साळिंदर टाय लावून उभं होतं. ते मागच्या तुकडीतलं निघालं.

“मी इथेच लागलो,” ते म्हणालं. “येणाऱ्यांना प्रवेश घ्यायला सांगतो.”

“आणि बाकीचे?”

“तेही इथेच. मघाशी तुला सरबत दिलं ना, तो ससा आमच्यात पहिला आला होता.”

अवंती विचारात पडली. तळ्याकाठी सारजामावशी उभी होती. थव्यातली सगळ्यांत म्हातारी करकोचीण. अवंतीने विचारलं, “मावशी, एवढ्या लांबून येता, तुमचं व्यवस्थापन कोण बघतं?”

मावशीने बराच विचार केला. “पुढे असतो तो बघत असेल. तो दमला की मागचा पुढे येतो. शिक्षणाचं मला काही कळत नाही गं. तू बघ बाई.”

घरी आई म्हणाली, “माकडांच्या धाकट्याने प्रवेश घेतला. आता त्याला स्थळं सांगून येताहेत.” वडील म्हणाले, “फीसाठी उंबर देऊन टाकू. आपण बाभळीवर राहू. तू नोकरीला लागलीस की वडावरच जाऊ.”

तरीही अवंतीचं ठरेना. मग संस्थेने तिला निळा कोट घालून बघायला दिला. तिने तळ्यात वाकून पाहिलं आणि तिचं ठरलं.

संस्थेत ती पुष्कळ शिकली. उशीर झाल्याचं गोड आवाजात कसं सांगावं, चिडलेल्या रानडुकराकडे बघून कसं हसावं, हवामानावर काय काय ढकलता येतं. उड्या मारायला तिथे बंदी होती. उड्डाणक्षेत्रातल्या प्राण्याला ते शोभत नाही, असं मोरसाहेब म्हणत. अवंती छोटी छोटी पावलं टाकायला शिकली.

आणि मुलांनो, विमानतळ खरंच झाला. सपाट जागा हवी म्हणून तळं बुजवलं. सिंहमहाराजांचे मेहुणे तरस तिथले प्रमुख झाले. करकोच्यांना उतरण्याची परवानगी देणारी अधिकारी म्हणून अवंतीला नेमलं. बाभळीवर पेढे वाटले गेले.

थंडी पडली. करकोचे आले. घिरट्या घालू लागले. खाली तळं दिसेना.

“अवंती, उतरू दे गं,” सारजामावशी वरून म्हणाली. “पंख भरून आलेत.”

अवंतीने भोंगा उचलला. “कृपया आपलं उड्डाण प्रमाणपत्र दाखवा.”

“कसलं प्रमाणपत्र? तुझ्या जन्माच्या आधीपासून उडतेय मी.”

“अनुभव ग्राह्य धरला जात नाही.”

“मग घटकाभर कडेला टेकते. कुणाला सांगू नकोस.”

अवंतीने मागे पाहिलं. काचेआड तरससाहेब बसले होते. अशा वेळी हसावं, हे तिला शिकवलेलं होतं. ती हसली. “आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

थवा डोंगराकडे वळला. मावशी सगळ्यांत मागे होती. थवा डोंगरापलीकडे गेला, तेव्हा मागची जागा रिकामी होती.

त्यानंतर तिथे कुणीच आलं नाही. वर्षअखेरीस सिंहमहाराजांनी विमानतळाला मानचिन्ह दिलं. एकही अपघात नाही, एकाही उड्डाणाला उशीर नाही, धावपट्टीवर एक पीससुद्धा पडलेलं नाही. अवंतीला बढती मिळाली.

मोरसाहेबांनी संस्थेच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो छापला. ते पत्रक बाभळीवरही पोहोचलं. वडील पायातला काटा काढत होते. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

“कोट छान बसलाय,” ते म्हणाले.

तात्पर्य: उडायला नुसते पंख असले तरी भागतं. उडणाऱ्याला उतरू न देण्यासाठी मात्र उच्च शिक्षण लागतं. तेव्हा मुलांनो, प्रवेश घेण्याआधी नीट विचार करा, आणि कोट अंगाला बसत असेल तर विचार करू नका.