दोन आसनी गाडीचा सर्वसमावेशक विकास

भगवंतरावांनी अकोल्याहून जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा आमच्या अमरावतीच्या कॉलनीत कोणालाही परिस्थितीचे गांभीर्य कळले नाही. लाल रंग, लांब नाक, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की आत बसलेल्या माणसाला रस्त्यावरच्या बकरीकडे मान वर करून बघावे लागे. कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षे झाकून पडली होती. भगवंतरावांनी मोर्शीच्या बागेतला संत्र्याचा बहार विकला आणि गाडी घेतली. हेतू एकच. कौशल्यावहिनींना घेऊन मेळघाटच्या जंगलात, सेमाडोहला जायचे, दोघांनीच.

लग्नानंतर ते एकदा सेमाडोहला गेले होते म्हणा. पण तेव्हा सोबत भगवंतरावांची मोठी बहीण, दोन मामा आणि वाटेत उतरायचे म्हणून बसलेला एक बँडवाला होता. तो उतरलाच नाही. त्यानंतरही वहिनी नवऱ्यासोबत एकट्या कुठेच गेल्या नव्हत्या. म्हणून गाडीला नारळ फोडताना त्या नव्या नवरीसारख्या लाजत होत्या.

तेवढ्यात भगवंतरावांच्या थोरल्या बहिणीने, शकुनअक्कांनी, गाडीभोवती एक फेरी मारली.

"भगवंता, मस्त हाय रे गाडी. पन मी कुठी बसू?"

आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला एक वेळ 'जेवण संपलं' म्हणता येते, 'जागा नाही' म्हणता येत नाही. ज्या वाहनात तिसऱ्या माणसाला सरकून घेता येत नाही, ते वाहन नव्हे, तो अपमान आहे. भगवंतरावांनी वहिनींकडे पाहिले, अक्कांकडे पाहिले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "करू ना अक्का काहीतरी."

या तोंडी आदेशानुसार त्याच दिवशी 'दोन आसनी वाहन सुधारणा समिती' स्थापन झाली. सचिवपदाचा भार प्रस्तुत लेखकाने नम्रपणे स्वीकारला. कारागीर म्हणून वलगाव रोडवरच्या नत्थुजींची नेमणूक झाली. नत्थुजींना आयुष्यात एकच वाक्य येते: "होऊन जाते ना भाऊ!"

पहिल्या टप्प्यात गाडी मागून कापून लांब करण्यात आली आणि तिथे बाक बसवला. बाकावर अक्का बसल्या, तर शेजारची जागा रिकामी दिसू लागली. रिकामी जागा बरी दिसत नाही, म्हणून अक्कांच्या नणंदेला कळवण्यात आले. एप्रिल तोंडावर होता. वऱ्हाडातल्या उन्हात दोन म्हाताऱ्या उघड्यावर बसवणे म्हणजे पापड वाळवणे, सबब पत्र्याचा टप ठोकला. पत्रा तापतो, सबब टपावर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चढला. कूलरला पाणी लागते, सबब टाकी आली. एवढ्या वजनाने गाडीचे पोट कॉलनीतल्या गतिरोधकांना टेकू लागले. प्रत्येक घरापुढे एक असे ते गतिरोधक याच मंडळींच्या आधीच्या समितीने बांधले होते. ते अर्थातच हलवता येत नव्हते. म्हणून गाडीला जीपची चाके लावून ती उंच केली.

मग इंजिन बोंबलले. ते बिचारे दोन माणसे वाऱ्याच्या वेगाने न्यायला जन्मले होते, त्याला नणंद झेपेना. नत्थुजींनी त्याच्या जागी माल वाहणाऱ्या गाडीचे डिझेल इंजिन घातले. ते मावत नव्हते, म्हणून लांब नाक छाटले. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा समोरची पौर्णिमा गव्हाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "चक्की चालू झाली का? बारीक दळजा."

वहिनी फाटकात उभ्या होत्या. "अवो, आपून दोघंच जानार होतो न?"

"जाऊ ना बापा," भगवंतराव म्हणाले. "आता अक्काले नाई कसं म्हनू?"

"मले नाई म्हनाले तं बरं जमते तुमाले," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचे डोळे भरले होते. समितीने हे धुरामुळे असल्याचा निष्कर्ष काढला.

यथावकाश तपासणीचे साहेब आले. "मूळ वाहनातलं काय शिल्लक आहे?" त्यांनी विचारले. नत्थुजींनी हॉर्न वाजवून दाखवला. साहेबांचे समाधान झाले. बदल नगण्य ठरले. जाता जाता ते आपल्या भाषेवर आले, "सेमाडोहले चालले काय? आमच्या सासूबाईले वाघ पाहाचा होता. बसल्या असत्या कोपऱ्यात." नाही म्हणणारे आम्ही कोण?

निघायच्या दिवशी सगळे पहाटेच हजर झाले. अक्का, नणंद, सासूबाई, त्यांच्या दोन नाती, पौर्णिमा, तिचा डबा, आणि देखरेखीसाठी संपूर्ण समिती. वाटेत इंजिन बंद पडले तर म्हणून नत्थुजी, आणि गाडी त्यांच्याच हाताची, म्हणून चालवायलाही तेच. सगळे दाटीवाटीने बसले. मग लक्षात आले की भगवंतराव आणि वहिनी खालीच उभे आहेत.

"सरका ना थोडे," अक्का म्हणाल्या. आम्ही सरकलो. जागा झाली नाही.

"राहू द्या, राहू द्या," भगवंतराव म्हणाले. "तुमी व्हा पुढं. आमी येतो मांगून."

परतवाड्याच्या पुढे घाट लागला आणि गाडी थांबली. आम्ही उतरून ढकलत होतो, तेवढ्यात मागून लाल एसटी आली. खिडकीशी कौशल्यावहिनी. पदर वाऱ्यावर, आणि हसून राहिल्या होत्या बाप्पा! शेजारी भगवंतराव शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होते. दोघांचा बाक होता तो.

"भगवंता, थांबव न बस!" अक्का ओरडल्या.

भगवंतरावांनी हात वर केला. आम्हाला वाटले, घंटीची दोरी ओढतात. त्यांनी टाटा केला.

एवढे झिजून हे फळ! समितीला अतोनात दुःख झाले. एसटीच्या दोन आसनी बाकांचाही विकास आता हाती घ्यावा लागेल.

आणि वाचकहो, तुम्ही काहून हसून राहिले? तुम्ही दोघं, फक्त दोघं, शेवटचे कुठे गेला होता? आठवा. सवडीने आठवा. तोवर सरका थोडे. आम्ही काही फार नाही, आणि नाही म्हणायला तुम्हाला तरी कुठे जमते?