नातेवाइकाची सही

ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही पत्राचं उत्तर तीन दिवसांपुढे रखडू दिलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगू शकतो. छाती फारशी नाही, पण जेवढी आहे तेवढी. वाचकाची तक्रार येवो, पुस्तक हरवो, कपाटाला वाळवी लागो. तिसऱ्या दिवशी उत्तर पोस्टात! फक्त एका पत्राचं राहिलं. ते माझ्या मुलीचं होतं आणि ते सहा वर्षं राहिलं.

फोन आमच्याकडे होता. पण फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून महत्त्वाचं काही असलं की मुलगी आईशी फोनवर बोलते आणि मला पत्र लिहिते. तिचं सासर बसने पाच तासांवर. पत्रात होतं ते असं:

‘बाबा, मला अडतीस आठवडे पूर्ण झाले. रक्तदाब किंचित वर आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तारखेची वाट न बघता पुढच्या गुरुवारी दाखल हो, औषध देऊन कळा सुरू करू. किंवा एक दिवसाआड तपासायला येणार असशील तर थोडं थांबलीस तरी चालेल. काय ते तू ठरव. सासूबाई म्हणतात, फळ आपोआप पिकू द्यावं. हे म्हणतात, डॉक्टरांचं ऐक. आई म्हणते, दोघांचं ऐक. मला दोन्हीची भीती वाटते. तुम्ही कधीच मत देत नाही, म्हणून तुमचं मत हवंय. सोमवारपर्यंत कळवा.’

मी कधीच मत देत नाही हे खरं आहे. चहा घेणार की कॉफी, असं कोणी विचारलं तर मी शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. पण या वेळी मी ठरवलं, मत द्यायचं. अभ्यास करून, भक्कम, मुद्देसूद मत.

त्याच दुपारी ग्रंथालयात गेलो आणि बाळंतपणावरची तीन जाडजूड पुस्तकं घरी आणली. पहिलं म्हणालं, थांबू नये. दुसरं म्हणालं, घाई करू नये. तिसरं मला फार समतोल वाटलं, पण चाळिसाव्या पानावर कळलं की ते गाईम्हशींचं आहे. ते त्या कपाटात अकरा वर्षांपूर्वी मीच लावलं होतं.

“काय ठरलं?” बायकोने विचारलं.

“अभ्यास चाललाय.”

“चालू द्या. तुमचा अभ्यास होईस्तोवर नातवंड कॉलेजात जाईल.”

शनिवार उजाडला तरी कागदावर ‘चि. सौ.’च्या पुढे काही उमटेना. मग मला एकदम सुचलं, आपल्याच गावातल्या प्रसूतिगृहात जाऊन डॉक्टरांना सरळ एक प्रश्न विचारावा. एकच. तो मी पोस्टकार्डावर लिहूनही घेतला.

बाकावर अकरा गरोदर बायका आणि मी. भाजीच्या टोपलीत कुणाचा तरी चष्मा पडावा तसा मी दिसत असणार. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “पेशंट कुठंय?”

“पेशंट परगावी आहे. मला फक्त डॉक्टरांना एक...”

“आधी फॉर्म.”

आता माझी अडचण लक्षात घ्या. अर्धवट भरलेला फॉर्म मी आयुष्यभर परत केलेला आहे. एका प्राध्यापकांना पिनकोडसाठी दोनदा माघारी पाठवलंय. रिकामा रकाना दिसला की मला दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं. दोरीने बांधलेलं पेन हातात घेतलं आणि माझा नाइलाज झाला. पेशंटचं नाव: मुलीचं. किती आठवडे: अडतीस. डॉक्टरांचा सल्ला: औषध देऊन कळा सुरू करणे. सुचवलेला दिवस: गुरुवार. पत्ता आणि फोन: आमचा. खाली ‘नातेवाइकाची सही’. तीही केली, सुवाच्य.

बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. “आजोबा, इतका नीट भरलेला फॉर्म मी आजवर पाहिला नाही. या मग गुरुवारी सकाळी सात वाजता.”

म्हणजे डॉक्टर मला गुरुवारी भेटणार, असं मी समजलो. मुदत सोमवारची होती हे कौतुकाच्या भरात डोक्यातूनच गेलं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी तरंगत घरी आलो.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. फोन बायकोने घेतला.

“प्रसूतिगृहातून? हो, हेच घर... कुणासाठी खाट? ...गुरुवारी? ...सही कुणाची आहे म्हणालात?”

गालावरचा साबण पुसून मी बाहेर येईपर्यंत तिने मुलीच्या सासरी फोन लावलाही होता. “अगं, बाबांनी तुझ्यासाठी इथं खाट राखून ठेवलीय! सहीसकट!”

तिकडे विहीणबाईंनी फोन हातात घेतला. “व्याहीबुवांना द्या जरा. काय हो, आमच्या गावात दवाखाने नाहीत का?”

“हं,” मी म्हणालो.

त्या ‘हं’ने आगीत तेल पडलं. मग जावई फोनवर आला. त्याचा आवाज मात्र निराळाच होता. “बाबा, तुम्ही स्वतः गेलात? आपण होऊन? मग तुम्ही काहीतरी वाचलं असणार. थांबायला नको.” दुपारपर्यंत त्याने त्यांच्याच दवाखान्यात गुरुवार पक्का केला. विहीणबाईही फळ पिकण्याचं विसरल्या. खाट आपल्या गावात मिळाली यातच त्या भरून पावल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, आणि तिला माझ्याशीच बोलायचं होतं.

“बाबा, खरंच तुम्ही सही केलीत?”

“सही माझीच आहे.”

“भीती नाही वाटली?”

सांगायची वेळ तीच होती. पोरी, फॉर्म समोर आला म्हणून भरला, मला काही कळत नाही, एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

“थोडीशी,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “तुम्ही सही करू शकता, तर मीही करीन.”

गुरुवारी आम्ही तिथं पोचलो. बाळंतपणाला सोळा तास लागले. तेवढ्या वेळात मी एका पुस्तकाचं एकच पान वाचत होतो आणि पुस्तक उलटं धरलंय हे परिचारिकेने सांगेपर्यंत मला कळलं नाही. नात झाली. दोघी सुखरूप. विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखा ठाम माणूस पाहिला नाही.”

“हं,” मी म्हणालो.

तेव्हापासून मी ठाम आहे. जावई घर घेण्याआधी मला विचारतो, बदली घेण्याआधी विचारतो. मी ‘हं’ म्हणतो, तो पेढा मिळाल्यासारखा खूश होतो. सुदैवाने घर चांगलं निघालं. पत्राचं उत्तर मात्र राहूनच गेलं. एका खोटेपणाला दुसरा कशाला जोडा?

गेल्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. दुसऱ्या खेपेची तारीख जवळ आलीय, पुन्हा रक्तदाब, पुन्हा तेच दोन रस्ते. शेवटी लिहिलं होतं: ‘डॉक्टरीणबाईंना मी सांगून टाकलंय, माझे बाबा ठरवतील. रविवारपर्यंत कळवा.’

मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी बायकोसमोर सगळं ओकून टाकलं.

ती कपड्यांच्या घड्या करत होती. करतच राहिली. “मला ठाऊक आहे. त्या काउंटरवरच्या बाईने तेव्हाच फोनवर सांगितलं, आजोबा डॉक्टरांना न भेटताच खुशीत निघून गेले.”

“मग सहा वर्षं बोलली का नाहीस?”

“पोरीचा जीव भांड्यात पडला होता. तो बाहेर काढून काय करू? आणि डॉक्टरांनी सुचवलं होतं तेच तर झालं.”

“आणि आता?”

“आता ती डॉक्टरांना सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसलीय. आता लिहा.”

लिहिलं. एका बैठकीत, पुस्तक न उघडता. ‘मागच्या वेळी मी काहीच ठरवलं नव्हतं. नुसता फॉर्म भरला. ठरवलंस तू, भीत भीत का होईना. मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. थांबलं तर काय धोका, न थांबलं तर काय, हे डॉक्टरीणबाईंना उद्याच विचार आणि त्यांच्यासमोर बसून ठरव. रविवारची वाट बघू नकोस. तुझं जे ठरेल तेच माझं मत. कुठल्याही दिवशी जा, मी बाहेर बाकावर असेन.’

पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. पत्र अर्धं आत घातलं. ‘भीत भीत का होईना’ हे तिला लागणार तर नाही? बाहेर काढलं. पुन्हा घातलं. ‘उद्याच’ लिहिलंय, पण पत्र पोचणार परवा. मग उद्या म्हणजे कधीचा? पुन्हा काढलं.

मागे एक बाई पाकीट हातात घेऊन उभ्या होत्या.

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “टाकताय की ठरवताय?”

टाकलं.