तात्यांचा वन्स मोअर

आमच्या पोलादपुरात कुणाचं गाणं बिघडलं की गर्दीतून हमखास आवाज येतो, "वन्स मोअर!" तो तात्या कदमांचा. गाणं उत्तम झालं तर हा माणूस ढिम्म बसून शेजाऱ्याकडे तंबाखू मागतो. बिघडलं की मात्र उठून उभा.

तात्या पंचायत समितीत कारकून, माझ्या शेजारच्या टेबलावर. घरही आमच्याच आळीत, त्यामुळे सुटका नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मावशीनं मंगलाष्टक म्हणायला घेतलं आणि तिसऱ्याच ओळीला तिचा सूर घसरला. तात्यांनी वन्स मोअर दिला. मावशीनं खरंच पहिल्यापासून म्हटलं. मुहूर्त टळतो की काय म्हणून भटजी कासावीस, नवरदेव हार धरून अवघडलेला. झेंडावंदनाला सरपंच भाषणात अडखळले, तिथंही तेच. सरपंचांनी मग महिनाभर अबोला धरला.

"तात्या, लोकांना वाटतं तुम्ही थट्टा करता," मी एकदा म्हटलं.

"वाटंल तर वाटू दे. माझं काय जातंय?" हे त्यांचं कायमचं उत्तर. या माणसाला कानच नाहीत, असं मी ठरवून टाकलं होतं.

अशा माणसाबरोबर मी संगीत नाटकाला गेलो ही चूक माझीच. तीस वर्षांपूर्वी गाजलेलं खुनाचं एक नाटक कुठल्याशा कंपनीनं पुन्हा उभं केलं होतं आणि त्याचा प्रयोग महाडात लागला होता. खुनी कोण यावर आमच्या कचेरीत वर्षानुवर्षं वाद चालत. कुणी म्हणे दिवाण, कुणी म्हणे धाकटी जाऊ. पाहिलेलं एकानंही नव्हतं. मला तो खुनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता, बाकी काही नको होतं.

परतीला एसटी नव्हती, म्हणून बाबू ड्रायव्हरच्या ट्रकची सोय केली. बाबूनं आधीच बजावलं, "रातीचा एक म्हंजे एक. मला उजाडायच्या आत कशेडीचा घाट उतरून खेडला माल टाकायचा हाय. नाटकासाठी थांबणार नाय."

नाटक दहाला सुरू झालं. नायिकेचं काम मूळ संचातल्याच बाई करत होत्या. तेव्हा त्या विशीत असतील, आता पन्नाशीच्या नववधू. दुसऱ्या अंकात त्या खिडकीशी उभ्या राहून नवऱ्याची वाट पाहत पद म्हणतात आणि पद संपताच पडद्याआडून काळा हातमोजा येऊन त्यांचा गळा दाबतो. श्वास रोखून मी त्या हातमोज्याची वाट पाहत होतो. शेवटच्या तानेला बाईंचा आवाज फाटला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. हातमोजा बाहेर आला आणि त्याच क्षणी माझ्या शेजारून आरोळी उठली, "वन्स मोअर!"

ऑर्गनवाल्यानं विंगेत पाहिलं. बाईंनी मान डोलावली. हातमोजा मुकाट्यानं पडद्याआड गेला.

दुसऱ्यांदाही आवाज त्याच जागी फाटला. "वन्स मोअर!" आता लोकांनी तात्यांच्या नावानं शंख सुरू केला. मी त्यांचा सदरा ओढून खाली बसवायला पाहिलं. "तात्या, बाईंना मरू द्या हो," मी अक्षरशः हात जोडले. तात्या हलले नाहीत.

तिसऱ्यांदा तान नीट उतरली. थिएटरनं टाळ्यांचा पाऊस पाडला आणि बाई त्या टाळ्यांतच मेल्या. मरताना इतकी समाधानी दिसलेली बाई मी पाहिली नाही.

पण पाऊण तासाचा अंक सव्वा तास चालला होता. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. "खुनी याच खोलीत आहे," तो म्हणाला, आणि बाहेर बाबूनं हॉर्न दिला. मी उठलो. दुसरं काय करणार?

ट्रकच्या हौद्यात पोत्यांवर बसून मी तात्यांना वाट्टेल ते बोललो. कान नाहीत म्हणालो, अक्कल नाही म्हणालो. सावित्रीचा पूल मागे पडेपर्यंत ते ऐकत राहिले.

"मारुतीच्या उत्सवातल्या नाटकात मी एकदा नायिका झालो व्हतो," मग ते म्हणाले. "अठरा वर्सांचा व्हतो. पहिल्याच पदाला आवाज फाटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मंडळींनी पडदा पाडला. पुन्यांदा म्हणू दिलं असतं तर जमलं असतं रे. घरी जमत व्हतं."

"मग परत कधी गायलात?"

"नाय. परत म्हण, असं कोण बोललंच नाय."

मला तो उत्सव आठवला. हिरव्या शालूतली ती उंच बाई आठवली. ती कोण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी आठ वर्षांचा होतो, अगदी पुढं मांडी घालून बसलो होतो, आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला त्याच आठवड्यात शिकलो होतो. सगळ्यांत मोठी शिट्टी माझी झाली म्हणून दोस्तांनी माझी पाठ थोपटली होती.

पोलादपूर येईपर्यंत मी मान वर केली नाही. आजही तात्या शेजारच्या टेबलावर बसतात, रोज बोलणं होतं. हे मात्र त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.